संधी मिळूनही स्कॉटलंड २०१४ मध्ये ‘नाही’ का म्हणालं?

जेलरोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं छापून आलेल्या शीट तपासण्यात गेली, त्यामुळे हातात कोणतीही नोट आली की आधी अंगठा फिरतो आणि मग डोळा. पुतणी एडिंबराला एम.एस्सी. करते. नाताळच्या सुट्टीत आली तेव्हा काकाची आवड ओळखून तिनं तीन नोटा आणल्या. तिन्ही वीस पौंडांच्या, आणि तिन्ही वेगळ्या.

एक बँक ऑफ स्कॉटलंडची. पुढे सर वॉल्टर स्कॉट हे लेखक, मागे फोर्थच्या खाडीवरचा रेल्वेपूल. दुसरी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची. तिच्यावर केट क्रॅन्स्टन नावाच्या बाई, ज्यांनी ग्लासगोत चहाची दालनं चालवली. तिसरी क्लाइड्सडेल बँकेची, तिच्यावर रॉबर्ट द ब्रूस. म्हणजे १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत इंग्रजांना लोळवणारा राजा. कागद नाही, पॉलिमर. छपाई चोख, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण इंग्लंडच्या राजाराणीचं चित्र एकीवरही नाही.

इथं मी अडकलो. आयुष्यभर नोट म्हणजे रिझर्व्ह बँक, गव्हर्नरची सही, मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी. १९२८ मध्ये आमच्याकडे छपाई सुरू होईपर्यंत हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडात छापून बोटीनं यायच्या, आणि आपण आपली नोट छापतो याचा प्रेसमधल्या जुन्या लोकांना फार तोरा होता. इथे तर तीन खाजगी बँका आपापल्या नोटा काढतात. पुतणी सांगते, लंडनला एका दुकानदारानं हीच नोट उलटीपालटी करून परत दिली, ‘दुसरी नाही का?’ म्हणाला. चलन एक, राजा एक, पासपोर्ट एक, आणि नोट चालत नाही!

आता खरा प्रश्न. मी मूळचा भगूरचा. सावरकरांच्या गावात वाढलेल्या पोराला इंग्रजांपासून सुटका म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. या स्कॉटिश लोकांना १८ सप्टेंबर २०१४ ला ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचं का, याची मतपत्रिका हातात मिळाली. ना तुरुंग, ना काळं पाणी. फुली मारायची आणि मोकळं व्हायचं. आणि ५५ टक्के लोकांनी ‘नाही’वर फुली मारली. घरी मी म्हटलं, हे लोक घाबरट तरी असणार नाहीतर इंग्रजांनी पार माणसाळवलेले. पुतणी रागावली. म्हणाली, काका, तुम्हाला तिथलं काही माहीत नाही.

तिनं आणखी एक सांगितलं. तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीसाठी तिचं मतदार यादीत नाव लागलंय. विद्यार्थी व्हिसावर गेलेली, पासपोर्ट भारताचा, आणि स्कॉटलंडची मतदार! आपल्याकडे डोमिसाइलच्या दाखल्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतात. मग तिथे स्कॉटिश म्हणायचं तरी कुणाला?

कोणी तिकडे राहात असेल तर नीट समजावून सांगा. वेळ भरपूर आहे, त्यामुळे लांब लिहिलंत तरी चालेल.

क्लाइडकाठ

जेलरोडकर काका, लांब लिहायची परवानगी दिलीत, आता भोगा.

मी माहेरची गंगापूर रोडची. लग्नानंतर ग्लासगोला आले, इथल्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. २०१४ च्या त्या मतदानात मी मत दिलंय, भारतीय पासपोर्टवर. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या ५५ टक्क्यांत मी आहे. तेव्हा घाबरट म्हणायचं तर आधी मला म्हणा.

नोटांपासून सुरू करते, कारण तुमचा धागा तिथेच आहे. बँक ऑफ इंग्लंड १६९४ ची, बँक ऑफ स्कॉटलंड १६९५ ची. गंमत अशी की इंग्लंडच्या बँकेची कल्पना मांडणारा विल्यम पॅटरसन स्कॉटिश होता, आणि स्कॉटलंडची बँक उभी करणारा जॉन हॉलंड इंग्रज. १८२६ मध्ये लंडनच्या सरकारनं पाच पौंडांखालच्या नोटा बंद करायचं ठरवलं. इथला सगळा व्यवहार एक पौंडाच्या नोटेवर चालायचा. तेव्हा वॉल्टर स्कॉटनं टोपणनावानं एडिंबराच्या वर्तमानपत्रात पत्रं लिहून असं रान उठवलं की सरकारला स्कॉटलंडपुरता तो बेत सोडावा लागला. म्हणून तो बँक ऑफ स्कॉटलंडच्या प्रत्येक नोटेवर आहे. बरं, हाच वॉल्टर स्कॉट इंग्लंडबरोबरच्या एकीचा कट्टर समर्थक! हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आज या तिन्ही बँकांना नोटांइतकी रक्कम बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवावी लागते. त्यासाठी तिथे दहा लाख आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा आहेत, त्यांना ‘जायंट’ आणि ‘टायटन’ म्हणतात. त्या तिजोरीबाहेर येत नाहीत. तुम्हाला तपासायला आवडल्या असत्या. म्हणजे चेहरा स्कॉटलंडचा, हमी लंडनची. कायद्यानं त्या दुकानदारावर ती नोट घ्यायची सक्ती नव्हती. पण इथल्यांना राग येतो तो येतोच. माझी एक सहकारी लंडनला निघाली की आधी एटीएममधून ‘इंग्लिश’ नोटा मिळतात का बघते, आणि बघता बघता शिव्या घालते.

आता ‘इंग्रजांपासून सुटका’. काका, तुम्ही आपला चष्मा लावून बघताय, आणि इथे तो बसत नाही. १६०३ मध्ये इंग्लंडची राणी निपुत्रिक वारली तेव्हा स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स तिकडच्या गादीवर जाऊन बसला. जिंकून नव्हे, वारसानं. त्यानंतरही शंभर वर्षं दोन राज्यं वेगळी होती, दोन संसदा होत्या. मग स्कॉटलंडनं पनामाच्या किनाऱ्यावर डेरियनला वसाहत करायचा घाट घातला. पुढारी तोच पॅटरसन. सरदारांपासून छोट्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी पैसे घातले. १६९८ मध्ये जहाजं निघाली, १७०० पर्यंत सगळं संपलं. ताप, उपासमार, स्पेनचा वेढा, आणि इंग्लंडनं आपल्या वसाहतींना मदत करायला केलेली मनाई. पॅटरसनची बायकोही तिथेच गेली.

कंबर मोडलेल्या त्या अवस्थेत १७०७ चा करार झाला. स्कॉटलंडच्या संसदेनं मत देऊन स्वतःला विसर्जित केलं. बदल्यात सुमारे ३ लाख ९८ हजार पौंड आले, त्यातला मोठा भाग डेरियनमध्ये बुडालेल्यांना भरपाई म्हणून. रस्त्यावर दंगे झाले, करार करणाऱ्यांना ‘विकले गेले’ म्हणून लोकांनी हिणवलं. अमलात आला १ मे १७०७ ला. हो, आपला महाराष्ट्र दिन!

पण करारात काय राखून ठेवलं ते बघा. कायदा वेगळा, न्यायालयं वेगळी, चर्च वेगळं, शाळा-विद्यापीठं वेगळी. गेली ती फक्त संसद. त्यामुळे तीनशे वर्षं इथल्या माणसाला आपण स्कॉटिश आहोत हे सिद्ध करायला वेगळं सरकार लागलं नाही. तो शाळेत स्कॉटिश, कोर्टात स्कॉटिश, रविवारी चर्चमध्ये स्कॉटिश, फुटबॉलच्या मैदानावर तर विचारूच नका. (ऑलिम्पिकला मात्र ब्रिटनच्या संघात.) आणि तोच माणूस साम्राज्यात ब्रिटिश. आपल्या वाट्याला तोच आलाय, काका! पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा साताऱ्याचा ग्रँट डफ स्कॉटिश. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर चालून गेल्या त्या पलटणींत ७४ वी आणि ७८ वी हायलँडर. ज्यांनी आपल्याला जिंकायला हात लावला त्यांना आपल्यासारखेच गुलाम कसं म्हणायचं? मला नाही जमत.

आता माझं मत. २०१४ च्या उन्हाळ्यात ग्लासगोत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि लगेच हा प्रचाराचा हंगाम. तसं राजकारण मी आधी पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळेत चहाच्या वेळेला पेन्शन, पौंड, तेल, युरोप. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत होतं, शेजारची मुलगी शाळेतून येऊन आईशी भांडायची. मतदान ८४.६ टक्के झालं. मत कुणाला? इथे राहणाऱ्याला. ब्रिटिश असो, युरोपीय असो की माझ्यासारखी राष्ट्रकुल देशातली असो. उलट माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंचा सख्खा भाऊ, जन्म ग्लासगोचा, नोकरीला लंडनला, त्याला मत नाही. सिनेनट शॉन कॉनरीसारखा स्वातंत्र्याचा जाहीर पुरस्कर्ता, पण बहामात राहणारा, म्हणून त्यालाही नाही. रक्त कुठलं, आडनाव काय, बोली कोणती, हे कोणी विचारलं नाही.

मी ‘नाही’ का म्हटलं? कारण फार उदात्त नव्हतं. आमच्या कायम वास्तव्याचा अर्ज लंडनच्या गृहखात्यात पडून होता. घराचं कर्ज पौंडात. नव्या देशात पौंड राहणार की नाही याचं धड उत्तर कोणाकडे नव्हतं. लंडनच्या अर्थमंत्र्यांनी तर त्या फेब्रुवारीत एडिंबराला येऊन सामाईक चलन मिळणार नाही म्हणून बजावलं होतं. शिवाय वेगळे झालात तर युरोपीय संघातून बाहेर पडाल, अशी भीती घातली जात होती. माझ्या ग्लासगोनं ‘हो’ म्हटलं, ५३.५ टक्क्यांनी. एडिंबरानं ठाम ‘नाही’.

आणि दोनच वर्षांनी, जून २०१६ मध्ये, ब्रिटननंच युरोपीय संघ सोडायचं ठरवलं. स्कॉटलंडच्या ६२ टक्के लोकांनी राहू द्या म्हटलं होतं, बत्तीसच्या बत्तीस भागांत राहण्याच्या बाजूला बहुमत. उपयोग शून्य. आमच्या प्रयोगशाळेतली पोलंडची आणि स्पेनची मुलं त्या सकाळी गप्प होती. आज मत पडलं तर मी ‘हो’ म्हणेन. नवरा अजून ‘नाही’वर आहे, आणि आमच्या घरात हा विषय जेवताना काढायचा नाही असा नियम आहे.

उगावचा द्राक्षवाला

राम राम. ताई, सगळं वाचलं. राजे झाले, लढाया झाल्या, पण पैशाचं नीट कोणीच बोलंना.

आपल्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला ६१ लाख. त्यांच्या अख्ख्या स्कॉटलंडची २०२२ ला ५४ लाख. म्हणजे माणसं आमच्याकडं जास्त, अन् आम्हाला एक झेडपी, त्यांना पार्लमेंट! असो, गंमत केली.

मला असं दिसतं. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीनं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ ला उठली. मधल्या काळात लासलगावला काय भाव निघाले ते मी सांगत नाही, तोंड कडू होतं. माल आमच्या वावरातला अन् कुलूप दिल्लीचं. त्यांच्या समुद्रात तेल निघालं, तेबी लंडनच्याच खिशात गेलं ना? मंग भांडण त्याचंच असणार. बाकी झेंडा, गाणी, घागरा हे वरचं.

अन् दुसरं. आमच्याकडं कांद्यावरून एवढं झालं तरी निफाड वेगळा देश करा असं कोणी म्हणत नाही. लोक लोकसभेला राग काढतात अन् पुढच्या पेरणीला लागतात. तिकडं मात्र थेट देशच वेगळा मागतात, ते कशानं?

जाता जाता, व्हिस्कीवरचा कर कमी होणार असं वाचलं, ते स्कॉटलंडशी बोलून ठरलं का लंडनशी? आमच्या दिंडोरीकडच्या कारखान्यांना फरक पडल म्हणून विचारतो.

सावानातला वाचक

द्राक्षवाले, तुमचा प्रश्न वरचा नाही, मुळावरचा आहे.

उत्तर समुद्रात तेल सापडल्यावर स्कॉटिश नॅशनल पार्टीनं ‘हे तेल स्कॉटलंडचं’ अशी मोहीम काढली. १९३४ चा पक्ष, तोवर कोणी फार मनावर घेत नव्हतं. ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीत त्यांना स्कॉटलंडमधली ३० टक्के मतं आणि ११ जागा मिळाल्या. त्याच सुमारास गॅव्हिन मॅक्रोन या सरकारी अर्थतज्ज्ञानं एक टिपण लिहिलं. तेलामुळे स्वतंत्र स्कॉटलंडच्या तिजोरीत प्रचंड शिल्लक राहील आणि त्याचं चलन युरोपातल्या भक्कम चलनांपैकी एक ठरेल, असा त्याचा सूर. ते गोपनीय म्हणून बंद राहिलं आणि माहिती अधिकारात २००५ मध्ये बाहेर आलं. तोवर तेलाची सर्वांत चांगली वर्षं सरली होती. दुसरी बाजूही सांगतो: स्कॉटलंडमध्ये दरडोई सरकारी खर्च ब्रिटनच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, आणि तेल हा बेभरवशाचा आधार आहे. २०१४ च्या जूनमध्ये पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव पुढच्या जानेवारीत पन्नासच्या खाली आला. तेव्हा ‘हो’ जिंकलं असतं तर पहिल्याच अंदाजपत्रकाला भगदाड पडलं असतं.

व्हिस्कीचं उत्तर सोपं आहे. परराष्ट्र व्यापार लंडनकडे. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांचा करार झाला; दीडशे टक्क्यांचा कर आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर यायचा आहे. व्हिस्की स्कॉटलंडची, करारावरची सही ब्रिटनची.

आता क्लाइडकाठ ताईंच्या लिहिण्यातल्या एका गोष्टीला माझा आक्षेप आहे. त्यांनी स्कॉटिश अस्मितेचं चित्र जरा जास्तच गोड काढलंय. रक्त विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, हे मतदार यादीपुरतं खरं. पण त्यांच्याच ग्लासगोत सेल्टिक आणि रेंजर्स या दोन फुटबॉल क्लबांच्या सामन्याला एका बाजूला आयर्लंडचा तिरंगा आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनचा झेंडा फडकतो. कॅथलिक की प्रॉटेस्टंट, हे आडनावावरून आणि शाळेवरून ओळखणारं शहर आहे ते. तसंच हायलँडमधून गेलिक बोलणाऱ्या कुळांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकात घरं पाडून हुसकावलं, मेंढ्या चरायला जमीन मोकळी व्हावी म्हणून. हे करणारे जमीनदार बऱ्याच ठिकाणी स्कॉटिशच होते, त्याच कुळांचे सरदार. सगळं पाप इंग्रजांच्या माथी मारून चालणार नाही.

आणि ‘स्कॉटिश वाटणं’ म्हणजे ‘स्वातंत्र्य हवं असणं’ नव्हे, हे जेलरोडकरांनी आधी समजून घ्यावं. २०२२ च्या जनगणनेत ६५.५ टक्के लोकांनी आपली ओळख ‘फक्त स्कॉटिश’ अशी लिहिली. ‘फक्त ब्रिटिश’ १३.९ टक्के. ‘दोन्ही’ म्हणणारे २०११ मध्ये १८ टक्के होते, ते ८ वर आले. यातल्या ‘फक्त स्कॉटिश’ लोकांपैकी सगळे स्वातंत्र्यवादी असते तर प्रश्न केव्हाच मिटला असता. तसं नाही. वॉल्टर स्कॉटचं उदाहरण ताईंनी दिलंच आहे.

भाषेचा आधार घ्यावा तर तोही अपुरा. गेलिक थोडीफार तरी येणारे अडीच टक्के. स्कॉट्स बोलणारे पंधरा लाखांवर, पण ती वेगळी भाषा की बोली यावर घरोघर वाद. दोन्हींना अधिकृत दर्जा देणारा कायदा २०२५ मध्ये झाला. आपल्या मराठीच्या अभिजात दर्जानंतर जेमतेम वर्षभरात. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राची लढाई भाषेवर उभी राहिली, आणि तीही देशाच्या आत. तिथे ज्या गोष्टीवर राष्ट्र उभं आहे ती म्हणजे संस्था. यात ताईंशी मी सहमत आहे.

जेलरोडकर

वा! एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. एल्फिन्स्टन स्कॉटिश होता हे वाचून पुतणीला फोन केला, तर म्हणते ‘मला माहीत होतं’. आजकालच्या पोरांना सगळंच माहीत असतं.

घाबरट हा शब्द मी सोडत नाही, पण ताईंच्या बाबतीत मागे घेतो. ज्याचा अर्ज सरकारदरबारी अडकलाय त्यानं जपून मत द्यावं हे मला पटतं. जन्मानं स्कॉटिश असलेल्यांचं मात्र पटत नाही.

दोन गोष्टी अजून उरल्या. ताईंसारखे लोक आता ‘हो’ म्हणायला तयार असतील तर पुन्हा मतदान का घेत नाहीत? आणि पुतणीनं मत द्यायचं म्हणजे नक्की कशासाठी द्यायचं, त्या पार्लमेंटच्या हातात काही आहे की नुसतं सभागृह?

सावानातला वाचक

पहिल्याचं उत्तर मी देतो. पुन्हा मतदान घेणं त्यांच्या हातात नाही. २०१४ चं झालं ते ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन आणि स्कॉटलंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री अॅलेक्स सामंड यांच्यात २०१२ मध्ये एडिंबराला करार झाला म्हणून. लंडननं तेवढ्यापुरता अधिकार दिला होता. नंतर सामंड यांच्या जागी आलेल्या निकोला स्टर्जन यांच्या सरकारनं विचारून पाहिलं, नकार आला. शेवटी प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ नोव्हेंबर २०२२ ला पाचही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसद असा कायदा करू शकत नाही. न्यायालयाचे अध्यक्ष लॉर्ड रीड स्वतः स्कॉटिश.

याला जुना इतिहास आहे. १९७९ मध्ये स्वतःची विधानसभा हवी का यावर मतदान झालं. ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले, तरी मिळाली नाही. कारण एकूण मतदारांच्या ४० टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं पाहिजे अशी अट घुसवली होती; जे मतदानाला गेले नाहीत ते आपोआप ‘नाही’त जमा. अट आणणारा खासदार जॉर्ज कनिंगहॅम, जन्मानं स्कॉटिश, मतदारसंघ लंडनचा. मग थॅचरबाईंचा काळ गेला आणि १९९७ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा ७४ टक्के ‘हो’.

उत्तर आयर्लंडला निदान लिहिलेली वाट आहे. तिथे बहुमत वेगळं व्हायच्या बाजूला दिसलं तर मतदान घ्यावं लागेल, असं १९९८ च्या शांतता करारात आहे. स्कॉटलंडला तेवढंही नाही. हजारोंचे बळी गेलेल्या प्रदेशाला वाट आहे आणि ज्यांनी या मागणीसाठी मतपेटीचाच रस्ता धरला त्यांना नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. मी स्वतः त्यांच्या जागी असतो तर ‘नाही’ म्हटलं असतं, तरीही.

उगावचा द्राक्षवाला

सर, मंग त्या पक्षाला लोक अजून मत देतात ना? का तेबी कंटाळले?

क्लाइडकाठ

कंटाळलेत दादा. २०१९ ला लंडनच्या संसदेत नॅशनल पार्टीच्या ५९ पैकी ४८ जागा होत्या, २०२४ ला ५७ पैकी ९. पैशांची चौकशी, नेतृत्वाची खांदेपालट, रखडलेल्या फेरीबोटी, सगळं अंगाशी आलं. पण पक्ष पडला म्हणून स्वातंत्र्याचा पाठिंबा पडला नाही, तो अजून निम्म्याच्या आसपास रेंगाळतो. तुमचं ‘राग काढून पेरणीला लागतात’ इथेही लागू आहे, फक्त पेरणी तीच राहते.

सर, सेल्टिक-रेंजर्सचा मुद्दा मान्य. सामन्याच्या दिवशी मी शहराच्या मध्यभागी जातच नाही. पण एक बाजू तुमच्याकडून राहिली. २०२३ मध्ये इथले मुख्यमंत्री हमझा युसुफ झाले, घराणं पाकिस्तानातून आलेलं, खासदारकीची शपथ उर्दूतही घेतलेला माणूस. समोर लेबर म्हणजे मजूर पक्षाचे इथले नेते अनस सरवर, तेही पाकिस्तानी वंशाचे. लंडनला पंतप्रधान ऋषी सुनक. ब्रिटन मोडायचं की ठेवायचं यावर एक पंजाबी मुसलमान आणि एक पंजाबी हिंदू समोरासमोर. १९४७ पाहिलेल्या माझ्या सासऱ्यांना याचं इतकं हसू यायचं की ते बातम्या लावून बसायचे. सरवर आणि युसुफ दोघांनाही शिवीगाळ झाली, होते, हे खोटं नाही. पण ‘तुम्ही स्कॉटलंडबद्दल बोलणारे कोण?’ हा प्रश्न मुख्य प्रवाहात कुठल्या पक्षानं लावून धरला नाही.

काका, पुतणीच्या मताचं. १९९९ पासूनची ही संसद नुसतं सभागृह नाही. रुग्णालयं, शाळा, पोलीस, कोर्टकचेऱ्या, घरं तिच्या हातात. आयकराचे दर इथे वेगळे, सहा टप्पे आहेत, वरचा ४८ टक्के. मी इंग्लंडमधल्या माझ्यासारखीपेक्षा थोडा जास्त भरते. औषधाच्या चिठ्ठीला इथे पैसे नाहीत, इंग्लंडमध्ये आहेत. इथल्या मुलांना पदवीची फी नाही. (पुतणीला आहे, आणि चांगलीच असणार. त्याबद्दल तिला इथे विचारू नका.) सैन्य, परराष्ट्र, व्हिसा, व्यापार मात्र लंडनकडे. म्हणजे तिचं नोकरीसाठी राहणं ठरवणार लंडन, आणि ती आजारी पडली तर बघणार आम्ही.

राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनभर मताचा हक्क आहेच. २०२० च्या कायद्यानं स्कॉटलंडनं तो इथे कायदेशीर राहणाऱ्या बाकीच्या परदेशी लोकांनाही दिला, इथल्या संसदेसाठी आणि नगरपालिकांसाठी. १२९ जागा आहेत. ७३ आपल्याकडच्यासारख्या मतदारसंघाच्या, ५६ पक्षांच्या यादीतून. त्यामुळे तिला दोन मतपत्रिका मिळतील, एक फिकट जांभळी उमेदवारासाठी, एक पीच रंगाची पक्षासाठी. लोक दोन वेगवेगळ्या पक्षांना मतं देतात, त्यात काही गैर नाही. फोटोचं ओळखपत्र या निवडणुकीला लागत नाही, लंडनच्या संसदेच्या निवडणुकीला लागतं. घर बदललं असेल तर नाव नव्या पत्त्यावर नोंदवावं लागतं, विद्यार्थी नेमकं तेच विसरतात. तेवढं तिला विचारा.